वाटीतले चिंचोके

दत्ताला हाक मारली की तो ताबडतोब ओ देतो आणि जागचा हलत नाही. तुम्ही खाली रस्त्यावर, तो माडीवर कंप्युटरपुढे. ओ ऐकून तुम्हाला वाटतं, निघाला. तो फक्त शेजारच्या स्टीलच्या वाटीत एक चिंचोका टाकतो आणि पुन्हा कामाला लागतो. पण येतो मात्र नक्की. एकदा बल्ब बदलताना शिडी धरायला म्हणून मी त्याला हाक मारली होती. तिसऱ्या दिवशी मी जेवायला बसलो, तर स्वारी दारात.

"शिडी कुठंय, आप्पा?"

"अरे, बल्ब लागला. त्याच दिवशी लागला."

"बरं झालं. मंग चिंचोका काढतो," म्हणाला आणि जाता जाता माझ्या ताटातली शेंगदाण्याची चटणी चाखून गेला.

नेकनूरला माझं मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे जळलेल्या मोटारींना नवी तार भरून देण्याचं दुकान. समोरच दत्ताचं घर. वर तो, खाली त्याची म्हातारी आई. पुण्याच्या एका कंपनीचं काम तो घरून करतो. काय काम, असं मी एकदा विचारलं आणि पस्तावलो. जळलेली मोटार तशीच बाजूला राहिली आणि मला कंप्युटर शिकावा लागला.

"एका मोठ्या कंप्युटरच्या पोटात लई भाडेकरू कंप्युटर ऱ्हातेत, आप्पा. खरे न्हाईत, भासाचे. पण परत्येकाला वाटतंय, घर आपलंच हाय."

"आपल्याकडं भाडेकरूंना तसंच वाटतं."

"ऐका तर. काम चालू असताना त्यांला सारख्या हाका येतेत. कुणी बटन दाबलं, मार हाक. निरोप आला, मार हाक. मंग हातातलं काम कुठवर आलतं ती खूण वाटीत ठेवायची, हाकेला ओ द्यायची, अन् खूण उचलून माघारी कामाला. हाकेत हाक आली तर खुणेवर खूण. शेवटची हाक आधी निपटायची."

"आणि वाटी भरली तर?"

दत्ता एकदम खूश झाला. "तेच तर दुखणं हाय. कुठंतरी वाटी भरली का न्हाई हे न बगताच खूण टाकलीय. ती सांडती शेजाऱ्याच्या वाटीत. त्याच्या वाटीत मीठ. त्यो भाजीत चिंचोका घालतो अन् समदं घर बंद पडतं. ही सांडलवंड कुठून होती ते हुडकायचं, हे माझं काम."

'शेवटची हाक आधी' या नियमाने त्याचं लग्नही राहिलं. आष्टीला मुलगी बघायला गेलो होतो. मामांनी शेती विचारली, वडिलांनी पगार विचारला आणि एवढ्यात मुलीने सहज विचारलं, जेवायला काय आवडतं. दत्ताने दोन्ही वडीलधाऱ्यांना हाताने थांबवून आधी तिला उत्तर दिलं, तेही सविस्तर, शेपूच्या भाजीपासून. मुलगी हसली. मामा उठले.

बाजाराच्या दिवशी तर त्याचे हाल कुत्रा खात नाही. अख्ख्या पंचक्रोशीला ठाऊक, माडीवरचा पोरगा मोबाइल दुरुस्त करतो. तो करत नाही, पण लोकांना कोण सांगणार? त्यात आपल्याकडची समजूत अशी की चारदा हाक मारली की काम चौपट लवकर होतं. दत्ता प्रत्येक हाकेला वेगळा चिंचोका टाकतो. एकदा वाटी भरून एक चहात पडला आणि तो त्याने गिळलाही. माझ्या बायकोने त्याला दोन दिवस केळी खायला घातली.

या सगळ्या गोंधळात खालून सारखी एक हाक चालू असते. "दत्ता..." ती त्याच्या मायची. काशीमायची नजर गेली त्याला काही वर्षं झाली. तिला पाणी नको असतं, चहा नको असतो. वरून "ओ, माय" आलं की ती गप्प होते. थोड्या वेळाने पुन्हा "दत्ता".

यंदा ती सांडलवंड काही सापडेना. महिना झाला. साहेबाने फोनवर मागची हाकाटी ऐकली आणि फर्मान काढलं, पंधरवड्यात काम उरका, नाहीतर पुण्याला येऊन ऑफिसात शांत बसा, कायमचं. माय पुण्याला जायला तयार नव्हती. "हितल्या भिंती माज्या हाताच्या वळखीच्या हायत. तिथं मी काय चाचपू?" म्हणाली. तिला सोडून जाणं दत्ताला जमणार नव्हतं आणि नोकरी सोडली तर दोघांनी खायचं काय, हाही प्रश्न होता. तो दिसेनासाच झाला. दाढी वाढली.

मग आम्हा गल्लीकरांना शहाणपण सुचलं. ठरलं, कुणीही दत्ताला हाक मारायची नाही. बाजाराच्या दिवशी मी स्वतः दुकानाच्या पायरीवर बसून लोकांना पुढे हाकललं. माडी इतकी शांत मी कधी पाहिली नव्हती. आमची छाती फुगली.

दुपारी दत्ता धाडधाड जिना उतरत आला. चेहरा पांढराफटक.

"माय कावून हाक मारीना, आप्पा?"

मी त्याच्यामागे घरात गेलो. काशीमाय बाजेवर नीट बसलेली, पदराचा बोळा तोंडाशी धरलेला. आमचं ठरलेलं तिच्याही कानावर गेलं होतं.

"तुजी वाटी भरलीय म्हनत्यात समदे," ती म्हणाली. "माज्या हाकंनं सांडाया नको, म्हनून गप बसले."

दत्ता तिच्या पायाशी बसला. "तुझी हाक वाटीत जातच न्हाई, माय. तुला चिंचोका टाकून थांबवतो व्हय मी?"

एवढं बोलला आणि स्वतःचेच शब्द पुन्हा पुटपुटला. मग उठून जिना चढत गेला. वरून कीबोर्डची टकटक ऐकू येत राहिली. दिवेलागणीला खाली आला तेव्हा घामाने भिजलेला, पण हसत होता.

"घावलं, आप्पा. साध्या हाकंला वाटी बगूनच खूण टाकलीय. पण लई तातडीची, थांबवताच न येणारी एक हाक असती. तिला थांबवायचं न्हाई, म्हनून वाटी बगायचंच सोडलं परोग्राम लिवणाऱ्यानं. मी महिनाभर साध्याच हाका तपाशीत बसलो."

"मग आता?"

"आता तिची जागा आधीच राखून ठिवली. बाकी वाटी भरू दे न्हाईतर फुटू दे."

पुण्याला जाण्याचं टळलं. आनंदात मी पेढ्यांचं बोलू लागलो, पण त्याचं लक्ष नव्हतं. तो मायच्या बाजेवर टेकला होता, अगदी तिला खेटून.

"हाक मार, माय."

"आता कशाला? काम न्हाई काई."

"नसू दे. सकाळधरनं मारली न्हाईस."

तिने हाताने त्याची वाढलेली दाढी चाचपली. मग रोजच्यासारखीच, तो वर माडीवर असावा तशी, मान उंच करून तिने हाक मारली, "दत्ता..."

"ओ, माय," तो म्हणाला.