सहा ते साडेसहा, हाक मारू नये

"मला रोज अर्धा तास हवाय," बाई म्हणाल्या. "सहा ते साडेसहा. मी गच्चीवर एकटी चालणार. त्या अर्ध्या तासात मला कुणी हाक मारायची नाही. घर डोक्यावर घ्या, पण हाक मारायची नाही."

लॉकडाऊनला दीड महिना झाला होता. बाई शाळेत शिकवायच्या. सकाळी चाळीस मुलांना पडद्यावरून भागाकार शिकवायचा आणि उरलेला दिवस घरातल्या तीन माणसांना कुठली वस्तू कुठे असते ते शिकवायचं. गच्चीवर एका वेळी एकानेच जायचं, असा इमारतीचा नियम. बाईंच्या वाट्याला सहाची वेळ आली होती, पण चार दिवसांत एकदाही त्यांना पुरता अर्धा तास मिळाला नव्हता. सोमवारी किसणी सापडेना म्हणून हाक आली. मंगळवारी किसणी सापडली, पण ती किसणीच आहे ना, हे विचारायला हाक आली. बुधवारी सासूबाईंनी सहज म्हणून हाक मारली. गुरुवारी तर नवरा जिन्यात येऊन ओरडला, "अगं, तू आहेस कुठे?"

नवरा बस डेपोत वेळापत्रकं करायचा. डेपोत त्यांना सगळे टायमिंगसाहेब म्हणत आणि ते ऐकून त्यांना बरं वाटे. आता गाड्या बंद, वेळापत्रकं बंद, आणि साहेबांचे हात नुसते शिवशिवत होते. शेवटी त्यांनी घराचंच वेळापत्रक केलं. चालायला बाहेर जाता येत नाही म्हणून घरातल्या घरात गोल मार्ग आखला: हॉल, पॅसेज, स्वयंपाकघर, बाल्कनी, परत हॉल. एकेरी वाहतूक. एका फेरीला चाळीस सेकंद. हा तक्ता त्यांनी फ्रिजवर चिकटवला आणि दोनदा मागे सरून लांबून पाहिला.

"शब्द देतो," साहेब म्हणाले. "सव्वीस वर्षांत माझी सुटलेली गाडी मधे कुणी थांबवलेली नाही. तू सहाला सुटलीस की थेट साडेसहा."

"पुरती तीस मिनिटं?"

"पुरती तीस मिनिटं. हे बघ, लाल शाईने लिहितो."

शुक्रवारी संध्याकाळी बाईंनी चार माणसांपुरतं भाज्यांचं सूप मंद गॅसवर ठेवलं. "अधूनमधून ढवळा. मीठ घातलेलं नाही, चिमूटभर टाका," एवढं सांगून त्या सहाच्या ठोक्याला बाहेर पडल्या.

साहेबांनी ताबडतोब तक्त्यात 'स्वयंपाकघर' या थांब्यापुढे नोंद केली: सूप ढवळणे, चिमूटभर मीठ टाकणे. आता घोटाळा इथे झाला. डेपोच्या तक्त्यात थांब्यापुढे जे लिहिलेलं असतं, ते प्रत्येक गाडीने प्रत्येक फेरीला करायचं असतं. साहेबांच्या घरात हे सगळ्यांना पाठ होतं.

सहा वाजता तीन गाड्या सुटल्या. पुढे कॉलेजात जाणारी लेक, मधे साहेब, मागे आजी. स्वयंपाकघर आलं की ढवळायचं, चिमूट टाकायची, पुढे व्हायचं. दहा मिनिटांत लेकीच्या पंधरा फेऱ्या झाल्या, साहेबांच्या पंधरा, आजींच्या दहा. एकूण चाळीस चिमटी, आणि त्यातही आजींची चिमूट म्हणजे अर्धी मूठ.

सहा दहाला लेकीने चमचाभर सूप चाखलं आणि सिंककडे धावली.

"बाबा! हे तोंडात घालण्यासारखं नाहीये! मीठ कुणी टाकलं?"

"मी टाकलं," साहेब म्हणाले.

"मी पण टाकलं," लेकीला आठवलं.

"मी तर दर वेळी टाकतेय," आजी म्हणाल्या. "बोर्डावर तसंच लिहिलंय ना?"

तिघांनी तक्त्याकडे पाहिलं. तसंच लिहिलं होतं.

"आईला विचारूया," लेक खिडकीकडे वळली. "आ—"

साहेबांनी झडप घालून तिच्या तोंडावर हात ठेवला. "खबरदार! लाल शाईने लिहिलंय. आज पाचवा दिवस आहे. आज हाक गेली ना, तर ती परत माझ्या एका शब्दावर विश्वास ठेवायची नाही."

हे मात्र खरं होतं, आणि साहेब मनातून घाबरलेले होते.

"मग पाणी घाल," आजी म्हणाल्या. पाणी घातलं. पातेलं काठोकाठ भरलं, खारटपणा जागचा हलेना. मोठं पातेलं काढलं, परत पाणी घातलं. सूप आता खारट होतंच, वर पाणचटही झालं. लेकीने फोनमध्ये वाचलं की बटाटे मीठ शोषून घेतात. दुकानं बंद पडतील म्हणून भरून ठेवलेले आठ किलो बटाटे कसेबसे दोन-दोन तुकडे करून घरातल्या तीन पातेल्यांत आणि कुकरमध्ये गेले. चार शेगड्यांवर चार भांडी, आणि प्रत्येकाची चव वेगळी.

"सगळं एकत्र केल्याशिवाय नीट अंदाज येणार नाही," साहेब म्हणाले आणि त्यांनी वरच्या मजल्यावरच्या केटररला मोठ्या पातेल्यासाठी फोन लावला.

बिचाऱ्या केटररला दीड महिन्यात कुणी चमचासुद्धा मागितला नव्हता. त्याने लगेच विचारलं, "किती माणसं आहेत साहेब?"

"चार."

"चारशे?"

"अहो, नुसती चार."

केटररने मनातल्या मनात भांडी मोजली. "दीडशेचं आणतो," तो म्हणाला. "त्याहून लहान माझ्याकडे नाहीच."

त्याची भांडी गच्चीच्या दाराशी जिन्यात रचलेली असत. पाच मिनिटांत तो पातेलं घेऊन दारात हजर झाला. माणूस मागे, पुढे नुसतं पातेलं.

"एकट्याने उतरवलंत हे?"

"छे हो. अर्ध्या जिन्यापर्यंत दुसरी कडी धरायला माणूस मिळालं. अंतर राखायचाही प्रश्न नव्हता, मधे पातेलंच एवढं."

"कोण माणूस?" असं साहेब विचारणार, तेवढ्यात पातेलं स्वयंपाकघराच्या दारात अडकलं. तिघांनी ढकललं तेव्हा ते आत गेलं आणि चारही शेगड्या झाकून वर ओट्याबाहेर हातभर आलं. आतला रस्ता बंद झाला. फ्रिज आणि पातेलं यांच्या मधे आजी सापडल्या.

"अरे, माझ्या पाच फेऱ्या राहिल्यात!"

"आई, मार्ग बंद आहे. जागच्या जागी चाल."

आजी जागच्या जागी चालू लागल्या. लेकीने उतरवलेली चारही भांडी त्यात रिकामी केली आणि बादलीने पाणी ओतायला घेतलं. सात बादल्या गेल्या. केटररने बाह्या सरसावल्या, घरातले कांदे, गाजरं, दिसेल ते चिरून आत सोडलं आणि तो दीड महिन्यात पहिल्यांदा गुणगुणू लागला. चव सुधारतेय असं वाटावं, तर परत खारट लागायची. साहेबांना काही उलगडेना. मग त्यांनी मान वाकडी करून पाहिलं. आजी जागच्या जागी चालत होत्या आणि अधूनमधून शांतपणे पातेल्यात मीठ सोडत होत्या.

"आई! अजून टाकतेयस?"

"बोर्ड बदललास का तू? नाही ना? मग मला कशाला ओरडतोस?"

साहेबांनी तक्त्यातली मिठाची नोंद खोडली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी चालू वेळापत्रकात खाडाखोड केली. आणखी चार बादल्या ओतल्या. घड्याळात साडेसहा वाजले.

बाई आल्या नाहीत. एकतीस झाले. सगळे दाराकडे बघत उभे. बरोबर सहा बत्तीसला बाई आत आल्या. गाल लाल झालेले, कपाळावर घाम, आणि चेहरा असा निवांत की लेकीला आपली आई जरा वेळ ओळखूच येईना. त्यांनी पातेल्याकडे पाहिलं, केटररकडे पाहिलं, मागे अडकलेल्या सासूबाईंकडे पाहिलं. मग चमचा घेऊन सूप चाखलं.

"मीठ कमी आहे," त्या म्हणाल्या.

लेकीने हातातली बादली खाली ठेवली.

"ते राहू दे," साहेब शेवटी छाती पुढे काढून म्हणाले. "एक तरी हाक मारली का आम्ही? जीव गेला आमचा इथे, पण नाही मारली. आणि तू मात्र दोन मिनिटं लेट."

"लेट कसली?" बाईंनी वाट्या काढायला घेतल्या. "सहा वीसला तुमच्या पातेल्याची दुसरी कडी धरून अर्धा जिना उतरून आले, आणि परत वर गेले. त्यात दोन मिनिटं गेली. ती भरून काढली."

"म्हणजे तुला माहीत होतं? दीडशे माणसांचं पातेलं आपल्या घरात येतंय आणि तू परत चालायला गेलीस?"

"सुटलेली गाडी ना मी," बाई म्हणाल्या आणि तक्त्यावरची लाल शाईची ओळ त्यांनी बोटाने दाखवली. "आता इमारतीत दारोदार वाट्या पोचवा. आणि उद्या पण हेच करा, फक्त मीठ जरा जास्त घाला. मी सहाला सुटतेय."