डोकं तुटेपर्यंत

"पुन्हा तोडलंत?"

"तोडलं नाही. तुटलं."

"कालही तुटलंच होतं. तुमच्या हातात सगळं आपोआपच तुटतं. माझ्या माहेरचा चहाचा समोवारही आपोआपच फुटला होता."

"समोवारचं नाव काढू नकोस, बुरुल."

आमच्या शेजारच्या काल्मुरात आकेंचे, म्हणजे काल्मुरातदादांचे, पाय तेवढे जुन्या झिगुली गाडीच्या दारातून अंगणात आले होते. बाकीचे आके आत, पेडलपाशी उताणे. बाहेर त्यांची बायको बुरुल एजे, म्हणजे बुरुलताई, कमरेवर हात ठेवून त्या पायांशी भांडत होत्या. पायांना उत्तर देता येत नव्हतं, पण अंगठे रागाने हलत होते.

आके तीस वर्षं कोचकोरच्या रस्त्यावर बस चालवून निवृत्त झालेत. गाडीतलं आपल्याला सगळं कळतं, असं त्यांचं मत आहे. ते मत ते कुणी विचारायच्या आधीच सांगतात. आता त्यांच्या झिगुलीत स्टिअरिंगचा दांडा ज्या पट्टीवर बसतो, ती पट्टी चिरली होती. वळणावर आके स्टिअरिंग फिरवतायत की स्टिअरिंग आकेंना, हे बघणाऱ्याला कळायचं नाही.

आणि रविवारी दुपारी बाराला व्याह्यांकडे नातवाची दोरी कापायची होती. पोरगं चालायला लागलं की त्याच्या पायांना काळी-पांढरी दोरी बांधायची, लांबून मुलं पळत येणार, पहिला येईल त्याने ती कापायची. मग पोरगं आयुष्यभर अडखळत नाही. दोरी आणायचा मान बुरुल एजेंचा. हिवाळाभर बसून त्यांनी घरच्या मेंढ्यांच्या लोकरीची दोरी वळली होती. ती एकदाच कापायची, आणि तीही नातवाच्या पायात.

त्यात व्याह्यांचा, सागिनबायचा, फोन आला होता. "गाडी बंद पडली असेल तर सांगा हो. माझी पाठवतो."

"तुम्ही घोड्याचं मटण शिजत टाका," आके म्हणाले. "मी माझ्या गाडीने येतो. एका हाताने चालवत."

झालं. आता मागे फिरायची सोय नव्हती.

गुरुवारी आके कामाला लागले. पट्टीचे दोन बोल्ट काढायचे होते. बघतात तर दोन्ही बोल्टना डोकीच नाहीत. नुसते गोल, गुळगुळीत. पाना लावायचा कुठे?

"आधीचा मालक गाढव होता," आके म्हणाले. "दोन्ही डोकी तोडून ठेवलीत त्याने."

छिन्नी कडेला टेकवून हातोडीने टुकटुक करत त्यांनी ते बोल्ट उलटे फिरवले. अडीच तास लागले. बोल्ट निघाले तसा दांडा धाडकन मांडीवर आला.

"बुरुल, बांधायला काहीतरी दे!"

एजे चुलीपाशी पिठाचे बोर्सोक तळत होत्या. "टोपलीत बघा ना. माझे हात पिठात आहेत."

आकेंनी टोपलीत हात घातला, हाताला लागलं ते घेतलं आणि दांडा वर बांधून टाकला. पट्टी जोडून आणली. बाजारातून नवे बोल्ट आणले, छान सहा कोनांची डोकी असलेले. आवळले. पहिला आणखी आवळला. टक! डोकं तुटून पायाशी पडलं. दुसरा बोल्ट त्यांनी बाळाला थोपटावं तसा हळू आवळला. टक.

आके पार लाल झाले. पुन्हा छिन्नी, पुन्हा टुकटुक. शुक्रवारी सकाळी तुटके बोल्ट घेऊन ते थेट बाजारात.

त्याच पार्टवाल्याच्या कंटेनरमधल्या दुकानात त्याची नवी सून बसली होती, झायना. डोक्यावर रुमाल, नजर खाली. घरातलं मोठं माणूस बोलत असताना सून मधे बोलत नाही, आणि आके तिच्या सासऱ्यांचे चुलतभाऊ.

"हे बोल्ट आहेत का बोर्सोक?" आकेंनी सुरुवात केली.

झायनाने तोंड उघडलं.

"माझं होऊ दे. आमच्या काळात बोल्टवर घोडा बांधायचे."

तिने तोंड मिटलं. आके बसवर बोलले, खिंडीतल्या बर्फावर बोलले, हल्लीच्या लोखंडावर तर अर्धा तास बोलले. तिने मान खाली घालून नवे दोन बोल्ट पुढे ठेवले. आके विजयी होऊन घरी आले आणि त्याच दुपारी त्या दोघांचीही डोकी उडवली. वर जे भांडण सांगितलं ते त्याचंच.

एजेंना वाटलं, नजर लागली. त्यांनी आर्चा झाडाची फांदी पेटवून गाडीभर धूर केला. आके आतच होते. सात वेळा शिंकले आणि सातव्या शिंकेला डोकं दांड्यावर आपटलं.

"ह्यांचं तुटत नाही ते," एजे म्हणाल्या.

शनिवारी, तेही बोल्ट छिन्नीने काढून झाल्यावर, त्या स्वतः बरोबर गेल्या. दुकानाच्या दारातच आकेंनी श्वास भरून घेतला, पण एजेंनी त्यांना बाहेर टरबुजं बघायला पाठवलं.

"बोल गं पोरी. बोल्ट कसले देतेस?"

झायना हळूच म्हणाली, "एजे, बोल्ट चांगले आहेत. डोक्याखाली त्यांची मान मुद्दाम बारीक ठेवलेली असते. पुरेसा आवळला की डोकं तुटायलाच हवं. मग चोराचा पाना लागत नाही."

"म्हणजे पहिल्यांदाच बरोबर बसला होता?"

"हो."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"आके बोलत होते."

"आणि काल?"

"कालही आकेच बोलत होते."

एजेंनी आणखी दोन बोल्ट घेतले. परतीच्या वाटेवर त्या नुसत्या हसत होत्या, आणि ते आकेंना समोवारपेक्षा जास्त लागलं.

पण आके आके आहेत. आज रविवार. सकाळी त्यांनी सगळी गल्ली बोलावली. "बघा," आतून म्हणाले, "बोल्ट कसा बसवायचा ते शिका. डोकं तुटेपर्यंत आवळायचा. अडाणी माणसं आधीच सोडून देतात."

टक. टक. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आके बाहेर आले, स्टिअरिंग हलवून दाखवलं. डोंगरासारखं घट्ट. दहा वाजले होते, व्याह्यांचं गाव तासाभरावर. बोर्सोक मागच्या सीटवर, सगळं झकास.

"अहो," एजे दारातून म्हणाल्या, "टोपलीतली दोरी कुठाय?"

"कुठली दोरी?"

"नातवाची."

आकेंनी टोपी काढली. मग वाकून स्टिअरिंगच्या खाली बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. पट्टी आणि पत्र्याच्या मधे दोरी चेपून बसली होती. ग्रीसने पांढरी बाजूही काळी झालेली, दोन्ही टोकं मिश्यांसारखी लोंबत होती. ओढली, हलली नाही. आता ती काढायची तर एकतर कापायची, नाहीतर बोल्ट काढायचे. आणि कापायची तर फक्त नातवाच्या पायात.

इतक्यात फोन वाजला. सागिनबाय. "निघालात का? का पाठवू माझी?"

आके एजेंकडे बघतायत, एजे आकेंकडे. बोल्टना डोकी नाहीत आणि छिन्नी काल मी उसनी नेलीय, ती आमच्या घरी आहे. ती आणायला मला आता निघायला हवं.