वनमालाचा पत्ता

चंद्रकला सिस्टर नुकत्याच जन्मलेल्या बाळाला हात जोडून नमस्कार करायच्या. हातमोजे काढायच्या, हात धुवायच्या, आणि ते लालबुंद, भोकाड पसरलेलं गाठोडं आईच्या कुशीत ठेवलं की दोन पावलं मागं सरून म्हणायच्या, "शरणार्थ पाव्हणं. लय वाट बघायला लावलीत." घर लिंगायतांचं, त्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्याला शरणार्थ म्हणायची त्यांना लहानपणापासूनची सवय. पण पाच मिनिटांच्या माणसाला अहो-जाहो करणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. आईला मात्र खुशाल अगं-तुगं. "अगं, किती वरडायलीस, पल्याडच्या गावाला ऐकू जायलंय."

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या दवाखान्यात बाळंतपणाची खोली त्यांच्या ताब्यात होती. बुटक्या, जाड भिंगाचा चष्मा दोरीनं गळ्यात, खिशात कायम सुईदोरा. जरा मोकळा वेळ मिळाला की त्या कुंची शिवायला बसायच्या. बाळाच्या डोक्यावरून पाठीवर उतरणारी, कडेला लाल झालर असलेली कुंची. कापड जुन्या धोतराचंच हवं. "नवं कापड टोचतंय पाव्हण्यास्नी," असं त्यांचं मत. पुरुषांच्या वॉर्डातल्या म्हाताऱ्यांच्या धोतरांकडे त्या अशा निरखून बघायच्या की ते बिचारे अंगावरची चादर आवळून घ्यायचे.

माझी त्यांची गाठ पडली ती एका वहीपायी. मी बी.एस्सी. नर्सिंगची. दुसऱ्या जिल्ह्यातल्या ज्या कॉलेजात शिकत होते, त्याची मान्यता मध्येच गेली आणि आम्हा मुलींना इकडेतिकडे वाटून टाकलं. माझ्या वाट्याला परभणीकडचं कॉलेज आलं. गुणपत्रिका, हजेरीचे तास, क्रेडिट, सगळं फायलीत घालून आणलं. ऑफिसातल्या क्लार्ककाकांनी दोन महिने ती फाईल चाळली आणि निकाल दिला, "मार्क चालतील, तास चालतील, क्रेडिट चालतील. बाळंतपणं चालायची न्हाईत."

स्वतःच्या हातानं दहा बाळंतपणं केल्याची नोंदवही लागते. माझी सहा झाली होती. पण वहीवर ज्या मॅडमच्या सह्या होत्या, त्या मॅडम आणि ते कॉलेज, दोन्ही आता हुडकून सापडण्यासारखे नव्हते. सहा लेकरं खुशाल रांगत होती आणि माझ्या कागदावर ती जन्मलीच नव्हती. परीक्षेच्या फॉर्मआधी पहिल्यापासून दहा करायची, नाहीतर वर्ष गेलं. वडिलांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "आणखी एक वर्ष म्हणलीस तर स्थळं बघायला लागतो."

त्या दहांसाठी कॉलेजनं आम्हाला चंद्रकला सिस्टरांच्या दवाखान्यात पाठवलं. सिस्टरांची सही सहजासहजी मिळत नसे. त्यांच्या भाषेत दस्तखत. वजन, रक्तदाब, वेळ हे सगळं त्या बघायच्या, पण खरी परीक्षा एकाच प्रश्नाची, "लेकरू बघून माय पहिलं काय बोलली?" जिनं बाळंतपण केलं तिला ते आठवतंच, असं त्यांचं म्हणणं. आणि आठवायचंही. माझ्या पहिल्या बाईनं विचारलं होतं, "बोटं समदी हायत का?" दुसरी म्हणाली होती, "चहा मिळंल का?"

उत्तर पटलं की दस्तखत व्हायची. मग त्या स्वतःची एक लाल वही काढून बाळंतिणीचा पत्ता उतरवून घ्यायच्या. रविवारी एसटीनं त्या पत्त्यावर कुंची घेऊन हजर. या रविवारी पेडगाव, पुढच्या रविवारी मानवतच्या बाजूला एखादी वस्ती. आम्ही मुली त्यांना माघारी 'कुंची एक्स्प्रेस' म्हणायचो. हे नाव माझंच, तेही इथं कबूल करते. एकदा मी विचारलं, "सिस्टर, इतकं कशाला फिरता?"

"मग रविवारी कुटं जाऊ?" असं म्हणून त्यांनी सुईत दोरा ओवला.

मी हसले. मला तो विनोद वाटला होता.

माझी सात झाली आणि गाडी अडली. फॉर्म भरायच्या आधीच्या पंधरवड्यात आमची रवानगी गंगाखेडकडच्या एका आरोग्य केंद्रात झाली. तिथं पंधरा दिवसांत एकही बाळंतीण आली नाही. मी रोज सकाळी फाटकापाशी उभी राहून रस्त्यानं कोणी पोटुशी येतेय का बघायचे. आली तरी ती पुढं बाजाराला निघून जायची. शेवटी तीन बाया मी वहीतच बाळंत केल्या. पहिलीचं नाव ठेवलं कौसल्या, दुसरीचं सुमित्रा. तिसरीला कैकेयी म्हणायचं धाडस झालं नाही म्हणून वनमाला. तिघींचं गाव लिहिलं राणीसावरगाव. लांबचं गाव, तिथं कोण तपासायला जातंय, असा माझा हिशेब. आरोग्य केंद्राचं रजिस्टर सिस्टरांच्या समोर नव्हतंच. त्यांना माझ्या शब्दावर दस्तखत करायची होती.

त्यांनी वही उघडली. "तिन्ही पाव्हणे अठ्ठावीसशे ग्रामचे? काटा बिघडलाय, का साच्यातून काढलीस?"

त्यांनी विचारलं, पहिली काय बोलली. मी सांगितलं, नाक बापावर गेलं म्हणाली. दुसरी? भूक लागली म्हणाली. तिसरीच्या वेळी मला काही सुचेना. घाबरलेल्या माणसाच्या तोंडून कधी कधी भलतंच येतं. मी म्हणाले, "ती म्हणाली, आता मला बी कोणीतरी झालं."

सिस्टरांचं पेन थांबलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग तीन ठिकाणी दस्तखत केली आणि लाल वही पुढं ओढली.

"वनमाला. कंच्या आळीला ऱ्हाती?"

"मारुतीच्या देवळामागं," मी म्हणाले. मारुतीचं देऊळ कुठल्या गावात नसतं?

त्याच दिवशी मी फॉर्म भरला. सोमवारी सिस्टर कामावर आल्या त्या उन्हानं रापलेल्या, चपलेचा अंगठा तुटलेला. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "कौसल्या न्हाई, सुमित्रा न्हाई. वनमालाला तर लय हुडकलं. मारुतीच्या मागची समदी घरं पालथी घातली. माहेरपणाला आली आसंल आन् नांदायला गेली आसंल. लोक बी नीट सांगत न्हाईत बघ." एवढं होऊन त्यांचा राग होता तो राणीसावरगावच्या लोकांवर. पिशवीतून त्यांनी एक कुंची काढली. इतर कुंच्यांपेक्षा तिची झालर रुंद होती आणि पाठीवर लाल दोऱ्यानं एक मोर भरला होता.

"तुला भेटली तर दे. तुझी वळख हाय तिच्याशी."

मी तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. लाज वाटली हे खरं, पण वर्ष वाया जायची भीती लाजेहून मोठी निघाली. मी कुंची घेतली, वर "देते" असंही म्हणाले. त्या 'देते'ची मला खोट्या नोंदींपेक्षाही जास्त लाज वाटते.

मी पास झाले. आता परभणीत एका खासगी दवाखान्यात बाळंतपणाच्याच खोलीत काम करते. तीनच्या जागी तीस बाळंतपणं केली, की फिटलं, अशी मी पुष्कळ दिवस मनाची समजूत घातली. फिटलं नाही. एकदा एका बाळाला हात जोडून शरणार्थ म्हणून बघितलं. अर्धाच शब्द निघाला आणि बाळंतीण माझ्याकडे बघत राहिली. कपाट उघडलं की तो मोर दिसायचा, म्हणून मी कपाटाचा तो कप्पाच वापरायचा सोडून दिला.

गेल्या महिन्यात कळलं की सिस्टर निवृत्त झाल्या आणि मानवतला एक खोली घेऊन एकट्याच राहतात. मी रविवारी गेले. खरं सांगायचं तर, रविवारी त्या घरी नसतील, कुंची कडीला अडकवून परत येऊ, असा माझा भित्रा बेत होता. दार उघडंच होतं. त्या उंबऱ्यात हात मोकळे टाकून बसल्या होत्या.

"शरणार्थ," त्या म्हणाल्या. "ये बस."

"रविवारी घरीच सिस्टर?"

"आता नवे पत्ते कोण द्यायलंय मला?"

मी कुंची त्यांच्या मांडीवर ठेवली आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. तीन बाया, तीन लेकरं, मारुतीचं देऊळ. त्यांनी मोरावरून बोट फिरवलं.

"त्या दोघींचं मला वाटलंच व्हतं," त्या म्हणाल्या. "तिसरी खरी वाटली. तिच्यासाठीच तर गेल्ते."

त्या ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या आत जाऊन लाल वही घेऊन आल्या. पानं उलटली, तेव्हा माझ्या लक्षात आलं की कित्येक नावांपुढं त्यांनी लिहून ठेवलं होतं: दात आला, चालायला लागला, मला वळखलं. ही त्यांची सगळी माणसं होती आणि मी त्यांच्यात तीन खोटी घुसवली होती. कौसल्या, सुमित्रा यांच्यावर त्यांनी रेघ मारली. वनमालावर मारली ती सावकाश, पट्टी धरून मारल्यासारखी सरळ. खाली जागा कोरीच होती. तिथं पेन टेकवून त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"तू कुटं ऱ्हातीस आता?"

मी त्या कोऱ्या जागेकडे बघितलं.

"पत्ता सांग," त्या म्हणाल्या. "आन् खरा सांग."

मी खाली मान घालून पिनकोडसकट सांगितला.