चौदा मंगळवार आणि एक पिस्तूल

"तीनशे डॉलर आणि एक मंगळवार. त्यावर एक सेंट जास्त नाही की एक दिवस जास्त नाही," ओपल हॅचेटने नणंदेला फोनवर ठणकावून सांगितलं. "पिस्तूल घ्यायचंय मला, घोडा नाही. गेले, बघितलं, घेतलं, आले."

नणंद जोलीन विचिटाला राहायची आणि ओपलच्या प्रत्येक बेतात खोट काढणं हे आपलं नणंदपणाचं कर्तव्य समजायची. "वहिनी, तुला बूट घ्यायला तीन महिने लागतात."

"बूट रोज घालायचे असतात. पिस्तूल लागलंच तर एकदा लागणार, आणि देव करो, तेही न लागो."

ओपलचं म्हणणं काही चुकीचं नव्हतं. घर गावाबाहेर, खडीच्या रस्त्याच्या पार टोकाला. शेरीफच्या माणसाला बोलावलं तर यायला चाळीस मिनिटं, तीही त्याने वाटेत कॉफीला गाडी थांबवली नाही तर. शेजाऱ्यांच्या कोठीतून मार्चमध्ये तांब्याची तार चोरीला गेली होती, आणि शेजारी म्हणजे तरी कुठे, दीड मैलावर. नवरा जीन जाऊन दोन वर्षं झाली होती. त्याच्या शिकारीच्या बंदुका पुतण्याने मागितल्या तेव्हा ओपल 'ने बाबा' म्हणाली होती, कारण त्या दिवसांत तिला घरातलं काहीच डोळ्यांसमोर नको होतं. आता घरात ती आणि एक म्हातारी मांजर. तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात चारशे पोरांचं रांधलेला हात, त्यामुळे सूप करायला घेतलं की अजून पातेलंभर व्हायचं आणि गुरुवारपर्यंत पुरायचं.

हायवेला धान्याच्या कोठारांपलीकडे वेंडल रस्कचं बंदुकांचं दुकान होतं. पुढे दुकान आणि मागे काचेपलीकडे नेम धरायची लांबलचक खोली. मंगळवार बायकांचा. त्या दिवशी बायकांना खोली फुकट, वापरून बघायला पिस्तूलही फुकट, फक्त गोळ्या दुकानातून विकत घ्यायच्या. फुकट म्हटल्यावर ओपलचे डोळे चमकले. एका दुपारी पाच-सहा चालवून बघायची आणि हाताला बसेल ते उचलायचं, असा तिचा सरळ हिशोब होता.

वेंडल शाळेत तिच्या दोन वर्षं पुढे होता. आता अडुसष्टचा, ताडासारखा उंच. बायको मार्लिस सहा वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून तो बोलायचा असा, की शब्दाला कर भरावा लागतो की काय असं वाटावं. ही कसर भरून काढायला काउंटरपुढच्या स्टुलावर हॉलिस पिकन्स बसलेला असे. हॉलिस कोठारावरून निवृत्त झाला होता, दुकानातून त्याने आजवर फुकटच्या कॉफीखेरीज काही घेतलेलं नव्हतं, आणि येणाऱ्या प्रत्येकाला सल्ला मात्र द्यायचाच.

"बाईमाणूस आहे, वेंडल. छोटं दे तिला. पर्समध्ये मावेल असं."

त्या भागातल्या प्रत्येक पुरुषाची ही श्रद्धाच आहे, की बाईला छोटं पिस्तूल द्यावं. वेंडल नको नको म्हणत होता, पण ओपलनेच हट्टाने ते चिमुकलं रिव्हॉल्व्हर घेतलं. किंमत दोनशे साठ, वजन लिंबाएवढं. आता छोटं पिस्तूल म्हणजे छोट्या कुत्र्यासारखं असतं, जितकं लहान तितकं जास्त अंगावर येतं. तिने चाप ओढला आणि हात थेट कानापाशी गेला. गोळी कुठे गेली ते अजून सापडलेलं नाही.

"हे नको," ओपल म्हणाली.

मग वेंडलने एक वापरलेलं ऑटोमॅटिक काढलं. त्याचा वरचा भाग मागे ओढल्याशिवाय गोळी आत जात नाही, आणि ओपलची बोटं संधिवाताने आखडलेली. तिने दोनदा जोर लावला, तिसऱ्यांदा दात लावायच्या बेतात होती, तेवढ्यात वेंडल आत येऊन तिच्या मागे उभा राहिला.

"ओढू नकोस, ढकल. छातीजवळ धर. हं. आता खांदे सोड. श्वास घे. अर्धा सोड. आता."

समोरच्या निशाण्याच्या कागदाच्या कोपऱ्याला भोक पडलं.

"बरं आहे," वेंडल म्हणाला.

गेल्या दोन वर्षांत ओपलच्या खांद्यांकडे कोणी बघितलं नव्हतं. डॉक्टर बघायचा, पण तो बोलताना कॉम्प्युटरकडे तोंड करून बोलायचा. घरी जाताना अकरा मैल ती ते 'बरं आहे' तोंडात घोळवत होती. जीनची आठवण यायची नाही असं नाही, रोज यायची. पण आठवण काही मागे उभी राहून 'खांदे सोड' म्हणत नाही.

पुढच्या मंगळवारी वेंडलने दोनशे एकोणनव्वदवालं एक पुढे ठेवलं. खटका मऊ, वजन बेताचं, हातात असं बसलं की बस्स. पाचातल्या चार गोळ्या कागदात. बाई, पिस्तूल मिळालं होतं. बजेटमध्ये मिळालं होतं.

"कसं वाटलं?" वेंडलने विचारलं.

'छान' म्हणायला ओपलने तोंड उघडलं. आणि तिच्या लक्षात आलं, की छान म्हटलं की संपलं.

"मूठ जाड वाटते जरा," ती म्हणाली.

झालं. एकदा खोटं बोललं की त्याला रोज दाणापाणी घालावं लागतं. पुढचं तिला जड वाटलं. त्याच्या पुढचं हलकं. एकाची नेम धरायची माशी दिसत नव्हती, एकाची फारच दिसत होती. सातव्या मंगळवारी काहीच सुचेना, तेव्हा ती म्हणाली, "हे हाताला गार लागतं."

"पोलाद आहे ते, ओपल," हॉलिस म्हणाला. "मांजर नाही."

इकडे जोलीनचा दर बुधवारी फोन. "घेतलंस?" "बघतेय." "गोळ्यांवर किती घातलेस आत्तापर्यंत?" "ऐकू येत नाहीये गं, वारा आहे." गोळ्यांवर एव्हाना एक पिस्तूल आणि वर त्याची पिशवी आली असती. ओपलला ते कळत नव्हतं असं नाही. लोक उपासतापास करतात, तसं तिने मंगळवारचं व्रत धरलं होतं. फक्त कुठला देव प्रसन्न व्हायला हवा हे ती स्वतःलाही सांगत नव्हती.

आणि वेंडलला ही भानगड काय कळणार? तो पडला सचोटीचा दुकानदार. एकतीस वर्षांत हाताला न बसणारं पिस्तूल घेऊन एक गिऱ्हाईक त्याच्याकडून गेलं नव्हतं. ही बाई त्याच्या इभ्रतीचा प्रश्न होऊन बसली. त्याने सलायनाच्या बंदुकांच्या प्रदर्शनात चौकशी केली, नेब्रास्कातल्या मावसभावाला फोन लावला, आणि नवव्या मंगळवारी काउंटरवर एक कोरा कागद पसरून म्हणाला, "हात ठेव."

ओपलने उजवा तळहात कागदावर ठेवला. वेंडल पेन्सिल घेऊन वाकला आणि तिच्या बोटांच्या कडेने रेघ ओढू लागला. एकेका बोटावरून वर, मग खाली, मग पुढचं बोट. इतकं सावकाश, की ओपलला वाटलं हाताला दहा बोटं असती तर काय बिघडलं असतं.

"हलवू नकोस."

"हलवत नाहीये."

"कापतोय हात."

"संधिवात आहे," ओपल म्हणाली.

तो कागद वेंडलने काउंटरमागे, परवान्याच्या चौकटीखाली टाचून ठेवला. मोजमापासाठीच, हो. पण ओपल त्या दिवशी गाडीत बसून स्टिअरिंगवरच्या आपल्या हाताकडे बघत राहिली, आणि गावातल्या दुकानातून लिपस्टिक घेऊन घरी गेली. बाराव्या मंगळवारी तिने नवा ब्लाउज घातला. आकाशी रंगाचा, गळा मोठा.

आता ऑटोमॅटिकची प्रत्येक गोळी सुटली की रिकामी पुंगळी तव्यावरच्या फुटाण्यासारखी बाहेर उडते, तीही तापलेली. म्हणून नेमाच्या खोलीत बायका गळ्यापर्यंत बटणं लावून जातात. हे तिथल्या शाळकरी पोरीलाही माहीत असतं. ओपललाही माहीत होतं. पण लिपस्टिक लावलेली बाई गळ्यापर्यंत बटणं लावत नाही.

तिसऱ्या गोळीला पुंगळी उडाली, भिंतीवर आपटली, आणि सरळ ब्लाउजच्या आत गेली.

ओपलने शिकवल्याबरहुकूम केलं. आधी पिस्तूल खाली ठेवलं, नळी पुढे. मग दोन्ही हातांनी छाती धरली आणि नाचली. काय नाचली. जीनशी लग्न झालं त्या दिवशी नाचली नव्हती तशी नाचली, आणि शेवटी गुडघ्यांवर बसली.

काचेपलीकडून हॉलिसला फक्त शेवट दिसला: ओपल छाती धरून कोसळते आहे. "गोळी लागली तिला," तो ओरडला आणि फोनकडे धावला. वेंडल दार उघडून आत, जमिनीवर, तिच्याशेजारी.

"कुठे लागलं? ओपल, हात काढ. कुठे लागलं?"

"वेंडल, तोंड फिरव."

"रक्त थांबवायला हवं—"

"तोंड फिरव म्हणते ना."

त्याने तोंड फिरवलं. ओपलने ब्लाउज झटकला आणि पुंगळी टिंग करून फरशीवर पडली. त्या एवढ्याशा पुंगळीकडे वेंडल कितीतरी वेळ बघत राहिला. तोवर हॉलिसच्या कृपेने गावातला भोंगा वाजला होता, आगीचा बंब दुकानापुढे उभा होता, आणि बंबामागून नऊ गाड्या आल्या होत्या, कारण त्या गावात भोंगा वाजला की घरात बसणं हा शेजाऱ्यांचा अपमान समजतात. अर्ध्या तासाने विचिटाहून फोन. ओपलने स्वतःच्या काळजात गोळी घातली असं जोलीनला कळलं होतं. भाजलं होतं बोटाच्या पेराएवढं, आणि मलम लावायला बंबावरचे सहा जण तयार होते.

पण या सगळ्या तमाशात ओपलने एकच गोष्ट पाहिली. वेंडलचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि बंब गेल्यावरही त्याचे हात थरथरत होते. माझ्यासाठी, ती मनात म्हणाली. संधिवात नाही त्याला.

तेरावा मंगळवार मलमात गेला. चौदाव्याला ती रूबार्बचा आंबटगोड केक भाजून घेऊन गेली, गळ्यापर्यंत बटणं लावून. वेंडलने काउंटरखालून एक लाकडी पेटी काढली. आत एक रिव्हॉल्व्हर होतं, पोलादी, ना लहान ना मोठं. अक्रोडाची मूठ वापरून वापरून गुळगुळीत झालेली.

"मार्लिसचं आहे," तो म्हणाला. "यातून पुंगळ्या उडत नाहीत."

मूठ तिच्या हातात अशी बसली, की काउंटरमागे टाचलेल्या तिच्या हाताच्या मापाकडे बघायचीही गरज पडली नाही. पाचच्या पाच गोळ्या कागदी माणसाच्या छातीत.

"किती याचे?" तिने बाहेर येऊन विचारलं.

"पैसे नकोत."

हॉलिसचा कॉफीचा पेला हवेतच राहिला. गेलेल्या बायकोची वस्तू माणूस उगीच कोणाच्या हातात देत नाही. सहा वर्षं पेटीत जपलेली तर नाहीच. ओपलच्या छातीत जे धडधडलं ते पुंगळीपेक्षा गरम होतं.

"का, वेंडल?" तिने हळूच विचारलं.

वेंडलने पेटीचं झाकण लावलं. "चौदा आठवडे खेपा घालते आहेस. तुझं काम होईना आणि मला झोप लागेना. त्यात तो बंब. आता सुटलीस तू, ओपल. आता मंगळवारी तुला इथवर यायची काही गरज नाही."

आणि तो हसला. सहा वर्षांत हॉलिसने त्याला हसताना पाहिलं नव्हतं.

ओपलने सरकारी फॉर्म भरला. सगळी उत्तरं खरी लिहिली. 'कशासाठी घेताय' हा प्रश्न त्यात नव्हता हे नशीब. वरून होकार यायला वेळ लागेल अशी तिची आशा होती, एरवी सरकार कशालाही वेळ लावतं. दहा मिनिटांत आला. केक तिने काउंटरवरच ठेवला.

पुढचा मंगळवार उजाडला. रिव्हॉल्व्हर पलंगाशेजारच्या कुलपाच्या डब्यात, दाराला कडी, खिडक्या बंद. ओपल हॅचेट आता त्या अख्ख्या काउंटीत सगळ्यात सुरक्षित बाई होती. घरात कोणी शिरू नये म्हणून तिने एवढा खटाटोप केला, आणि दुपारभर खुर्चीत बसून ती रस्त्याच्या खडीवर कोणाची गाडी वाजते का ते ऐकत होती. एकदा वाजली. टपालवाला निघाला, जाहिरातींचे कागद टाकून गेला. इतकं एकटं तिला जीन गेला त्या आठवड्यातही वाटलं नव्हतं. तेव्हा निदान घरात माणसं जेवायला होती.

तीन वाजता तिने दुकानात फोन लावला.

"वेंडल, ओपल बोलतेय. मी विचार करत होते. माझ्या घराला मागचं दारही आहे."

पलीकडून मंगळवारच्या बायकांच्या गोळ्यांचे बारीक आवाज येत होते.

"ओपल," वेंडल सावकाश म्हणाला, "तेच पिस्तूल मागच्या दारालाही चालतं."

"हो का."

"हो."

"बरं झालं सांगितलंस," ओपल म्हणाली. तिचे कान तापले होते. आता फोन ठेवायचा, आणि आयुष्यात पुन्हा त्या हायवेला जायचं नाही, असं तिने ठरवलं. तेवढ्यात स्टुलाकडून हॉलिसचा आवाज आला.

"अरे मठ्ठा, खिडक्या किती आहेत ते तरी विचार तिला."

पेल्यात कॉफी ओतल्याचा आवाज आला, मग पाठोपाठ घसा खाकरल्याचा.

"ओपल," वेंडल म्हणाला, "खिडक्या किती आहेत?"

"एकोणीस," ओपल म्हणाली.

होत्या नऊच.