झानेल्लाबाईंचं बोट

"लॅटिन शिकलेला माणूस जगात कुणाला घाबरत नाही!" इटलीतल्या रोव्हिगो गावात औषधांचं दुकान चालवणारी फोस्का सकाळपासून लेकीच्या मागे लागली होती. नीव्हेसला हॉटेलच्या शाळेत जाऊन स्वयंपाक शिकायचा होता. आईला मात्र तिला आपल्याच जुन्या शाळेत, लॅटिनच्या वर्गात घालायचं होतं. शेवटी तह झाला : आज शाळा बघून यायची, मग नीव्हेस म्हणेल तसं.

"पण आई, लॅटिनचा उपयोग काय?"

"अगं, डोकं थंड राहतं! संकटातही माणूस शांतपणे विचार करतो. माझ्याकडेच बघ!"

नीव्हेसनं बघितलं आणि खांदे उडवले.

शाळेत त्या दिवशी मुलांसकट पालकांना बोलावलं होतं. बरेचसे पालक तिथलेच जुने विद्यार्थी. फोस्का ऐटीत बाकावर बसली. शेजारी तिचा वर्गमित्र गात्सोला, आता गावातला बडा नोटरी.

दार उघडलं आणि लॅटिन शिकवणाऱ्या झानेल्लाबाई आल्या. केस पांढरे झाले होते, नजर तीच! टेबलाशी बसल्या, हजेरीपट उघडला, चष्मा नाकावर घेतला आणि बोट नावांवरून सावकाश खाली सरकवू लागल्या.

झालं! तोंडी परीक्षेला आज कुणाचा बळी द्यायचा, हे पूर्वी ते बोटच ठरवायचं. फोस्का पुढच्या माणसाच्या पाठीआड सरकली.

बोट थांबलं. "हं, कोण येतंय पुढे?"

चाळिशीतली धडधाकट माणसं माना खाली घालून बसली. एक दंतवैद्य पडलेलं पेन शोधायला बाकाखाली गेला तो वर आलाच नाही! नोटरीसाहेबांच्या बुटाची नाडी एकाएकी सुटली.

"फोस्का, तू जा ना!" गात्सोला खालूनच कुजबुजला.

"मी का? नोटरी तू आहेस!"

"मला बायकापोरं आहेत गं!"

बाईंनी मान वर केली. "फोस्का!"

फोस्का ताडकन उभी राहिली. "बाई, माझी तयारी नाही! काल... काल आजी वारली!"

"परत? शाळेत असताना तीनदा वारली होती ना गं?"

"ही... ही दुसरी आजी!"

"बस खाली, बावळट! मला केक कापायला कुणीतरी हवं होतं. किती तुकडे करायचे म्हणून नावं बघत होते."

दंतवैद्य हळूच वर आला. फोस्काला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी बढाई मारली आणि लेकीसमोर ही शोभा! गेली पोरगी हातची. "चल, हॉटेलच्या शाळेत नाव घालू," ती पडेल आवाजात म्हणाली.

पण नीव्हेस तोवर टेबलाशी पोचली होती. "बाई, माझं नाव इथेच घाला."

"लॅटिन आवडतं तुला?"

"त्याचं काही माहीत नाही. पण घरी आईपुढे कुणाचं काही चालत नाही. बाबा बिचारे कधीचे थकले! तुम्ही नुसतं बोट सरकवलंत. मला ते शिकायचंय!"

फोस्काचे डोळे भरून आले. कारण काही का असेना, पोरगी लॅटिन शिकणार!

"छान!" बाई म्हणाल्या. "पालकांनी दर गुरुवारी मला येऊन भेटायचं. आणि फोस्का, तयारी करून ये!"

फोस्कानं लेकीचा हात घट्ट धरला. "नीव्हेस, मी काय म्हणते... स्वयंपाकात वाईट काय आहे गं?"