मरळीच्या रश्श्यावरचा निर्णय

ज्या वर्षी माझ्या नातीचं, दिव्याचं लग्न झालं, त्याच वर्षी आमच्या सरकारी दवाखान्याच्या फाटकावर पाटी लागली: ‘मांसाहार आत नेण्यास सक्त मनाई.’

माझी भावजय केसरबाई तेव्हा आत खाटेवर होती. घशाखाली अन्न उतरत नव्हतं. एकच म्हणायची, "भाऊजी, मरळीचा रस्सा पाजा, मंग उठतो मी."

तिचा लेक पत्रू डबा घेऊन आला. पहारेकरी सुनिलने झाकण उघडून वास घेतला.

"कोंबडी असती तं परत धाडली असती. मासोळीचं मले कोणी सांगतलंच नाई."

"मंग सोड नं!"

"अन् उद्या मासोळी मांस निघाली तं? माही नोकरी जाईन."

प्रश्न रीतसर वर गेला. दवाखान्याच्या साहेबांनी आपल्याच अध्यक्षतेखाली समिती नेमली. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, मासा त्यांच्याकडे कधी उपचाराला आला नाही. सबब तो जनावर नव्हे. मत्स्य खात्याने कळवलं, मासा हे उत्पादन आहे, धानासारखं. त्यावर कृषी खात्याने विचारलं, मग हंगाम कोणता, खरीप की रब्बी? तोवर पत्रू रोज ताजा रस्सा आणायचा आणि फाटकाबाहेरच्या कुत्र्याला घालायचा. कुत्रा बाळसं धरू लागला.

अखेर समिती पोंभुर्ण्याजवळच्या तलावावर प्रत्यक्ष पाहणीला गेली. मीही मागोमाग गेलो. समितीने मरळ पकडली, तपासली, तळली. निर्णय मात्र झाला नाही, कारण नमुना संपला.

मी हात जोडले. "साहेब, मासोळी मांस आहे का नाई?"

साहेब दातातला काटा काढत म्हणाले, "विषय गंभीर आहे, बाबा. घाई करून चालत नाही."

"पण आज तं गुरुवार. तुमी गुरुवारी मांस खात नाई म्हणते."

"म्हणूनच तर मासे खातोय."

पुढे यथावकाश, तान्ह्या पोळ्याच्या दुपारी, आदेश निघाला: मासा मांस नाही, रुग्णास तातडीने द्यावा. पत्रू डबा घेऊन धावला. सुनिलने फाटक सताड उघडलं, वर सलामही ठोकला. खाटेवर दुसरीच बाई होती.

केसरबाईच्या दहाव्याला पाहुणे जमले. सुतकात मांस वर्ज्य. मग जेवायला काय? कोणीतरी हळूच म्हणालं, "मासोळी चालते नं?" समिती लागली नाही. पंगत बसली. तुम्हीही होतात. "रस्सा जरा पातळ झाला," म्हणालात आणि वाटी पुढे केलीत.

केसरबाई त्या वर्षी तान्ह्या पोळ्याच्या सकाळी वारली. उपाशी.