उशी घरून आणा

पोपटच्या दुखण्यावर पहिला संशय त्याच्या बायकोने घेतला, आणि खरं सांगायचं तर त्यात तिची फारशी चूक नव्हती. दुखणं कसं, चार लोकांना दिसेल असं असावं. पाय मोडला तर प्लास्टर दिसतं, ताप आला तर कपाळ तापतं. पोपटचं दुखणं धड पाठीत नव्हतं आणि धड पायातही नव्हतं. दोन्हींच्या मधे, उजव्या बाजूला, बरोबर पॅन्टच्या मागच्या खिशाखाली. बोट ठेवून दाखवायची सोय नाही. त्यातून ते वागायचंही लबाडासारखं. पोशीरहून नेरळपर्यंत चालत जा, काही नाही. मांडी घालून जेवायला बसलं की कळ, आणि उठायला गेलं की दुसरी कळ.

"पंगतीची भांडी उतरवायची म्हटली की दुखतं, आणि आडवं पडून क्रिकेट बघताना नाय दुखत?" नम्रताने विचारलं.

"आडवं पडल्यावर नाय दुखत. कूस बदलली की दुखतं."

"मग नका बदलू. टीवी एकाच बाजूला हाय."

दुखणं सुरू झालं तेही त्या भांड्यांपायीच. आरोहीच्या, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका मुलीच्या लग्नाची भांडी टेंपोतून आली होती. मागच्या फळीवरून उतरताना खाली दगड आहे असं धरून पोपटने पाऊल टाकलं. दगड नव्हता. उजव्या पायावर तो दाणकन जमिनीवर आला आणि कमरेत काहीतरी सरकलं. लग्नाला तेव्हा अठरा दिवस उरले होते.

काळजी कळेची नव्हती, पाटाची होती. कन्यादानाला मुलीच्या बापाने पाटावर मांडी घालून बसायचं, ही त्यांच्या घरातली रीत. बापाला जमलं नाही तर काका-काकूंनी बसायचं, हीसुद्धा रीतच. आणि आरोहीचा काका म्हणजे राजेश, पोपटचा चुलतभाऊ, ज्याने लहानपणापासून पोपटची एकही जागा सोडली नव्हती. शाळेत खिडकीजवळचा बाक राजेशने घेतला. कबड्डीची कप्तानी राजेशने घेतली. आता लेकीचा हात हातात घ्यायची जागाही तोच घेणार. आणि परवाच राजेशच्या मोटारसायकलला लटकवलेल्या पिशवीतून पिवळ्या पितांबराचा काठ डोकावताना त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. ज्याला पाटावर बसायचं नाही त्याला पितांबर कशाला लागतं?

म्हणून पोपट गुपचूप कर्जतला डॉक्टरकडे गेला. डॉक्टरांनी त्याला झोपवलं, एक पाय दुसऱ्या पायावर ठेवला आणि गुडघा खाली दाबला. पोपटने छताकडे बघून आईचं नाव घेतलं. एक्स-रे मात्र स्वच्छ आला.

"हा एस. आय. जॉइंट," डॉक्टर म्हणाले. "कण्याच्या तळाचं हाड आणि कमरेचं हाड जिथे जुळतं, तो सांधा. एरवी तो फारसा हलत नाही."

"मग दुखतोय कशाला?"

"थोडा हलला म्हणून."

पोपटला हे पटलं नाही. बावन्न वर्षांत या सांध्याचं नाव कोणी काढलं नव्हतं. न हलणारा सांधा, त्यात तो हललेला, आणि फोटोत दिसत नाही. पण डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि व्यायामासाठी फिजिओथेरपीची चिठ्ठी लिहून दिली. कर्जतच्या बाजारात राजेशची ओळख नाही असं दुकान नव्हतं. पोपट ती चिठ्ठी घेऊन तडक खालापूरला गेला.

तिथल्या फिजिओथेरपिस्टचं नाव हर्षला. आरोहीपेक्षा चारेक वर्षांनी मोठी असेल. तिच्याकडे इंजेक्शन नव्हतं, शेकायचं मशीन होतं तेही तिने बाजूला सारलं.

"गुडघ्यांमध्ये उशी धरा काका, आणि दाबा."

"कोणाला?"

"उशीला."

"आणि औषध?"

"हेच औषध. मग कंबर वर उचला. हळूहळू."

तिने कमरेच्या जरा खाली बांधायचा एक रुंद पट्टा दिला आणि नियम सांगितले. मांडी घालायची नाही. एका पायावर उभं राहायचं नाही, पॅन्टसुद्धा बसून घालायची. पोपटने तिच्याकडे बघत बघत उशी इतक्या अविश्वासाने दाबली की उशीची शिवण उसवली आणि कापूस बाहेर आला. दुसऱ्या खेपेच्या आदल्या दिवशी त्याच्या फोनवर तिचा मेसेज आला, तो या उशीमुळेच. आणि फोन होता चार्जिंगला, स्वयंपाकघरात.

"उद्या दुपारी चार," नम्रताने मोठ्याने वाचला. "उशी घरून आणा. घट्ट असावी. हर्षला." तिने गॅस बंद केला. "ही कोण?"

"कामाची हाय."

"कसल्या?"

"सातबाऱ्याच्या."

"आपला सातबारा कर्जतला. खालापुरात कुणाची जमीन बघताय तुमी? आणि सातबाऱ्याला उशी कधीपासून लागायला लागली?"

आता दाखवल्याशिवाय सुटका नव्हती. पोपटने शर्ट वर करून पट्टा दाखवला, फरशीवर उताणा झोपला, गुडघ्यांत उशी धरली आणि कंबर उचलली. नेमक्या त्याच वेळी शेजारच्या घरातून चंद्राबाई विरजण मागायला आल्या. चंद्राबाई म्हणजे राजेशची आई, पोपटची चुलती, वय शहात्तर, आणि घरातल्या सगळ्या रीती त्यांच्याच तोंडी असलेल्या. त्या दारात थांबल्या आणि अधांतरी उचललेल्या पुतण्याकडे बघत राहिल्या.

"लग्नघरात ही काय थेरं रं?"

"कंबर दुखतीय काकी," पोपट खालूनच म्हणाला.

"मग पाटावर कसा बसशील?"

विरजण न घेताच त्या परत गेल्या. दिवेलागणीपर्यंत सगळ्या आळीला पोपटची कंबर तोंडपाठ झाली आणि राजेश ओटीवर हजर झाला.

"दादा, मी घरात असताना खालापूर कशाला रं?" तो म्हणाला.

इथे एक सांगायला हवं. राजेश पायाळू होता, म्हणजे जन्माला येताना डोक्याऐवजी पाय पुढे करून आलेला. अशा माणसाने कमरेत हलकी लाथ मारली की उसण जाते, असा त्या भागातला समज. लोक नारळ घेऊन राजेशच्या ओटीवर यायचे, वाकून उभे राहायचे, लाथ खायचे आणि कंबर धरून हसत घरी जायचे. पोपट मात्र आजवर त्या रांगेत कधी उभा राहिला नव्हता. त्याचा हिशेब सरळ होता. लाथ मारून बरं करता येतं, तर लाथ मारून बिघडवताही येत असणार.

"तू पायाळू याला पुरावा काय?" त्याने विचारलं.

"आई सांगते ना."

"तुझी आई तुला हुशारबी म्हणते."

"बघ बाबा. तुझी कंबर, तुझी पोरगी. नायतर आमी दोघं बसू पाटावर, त्यात काय एवढं."

त्यात काय एवढं, हे शब्द पोपटला झोंबले. त्याने लाथेला दहा दिवस टाळाटाळ केली. चोरून खालापूरच्या खेपा केल्या, उशी दाबली, कंबर उचलली, आणि खोटं कशाला बोला, दुखणं बारा आणे उतरलंही. पण मांडी घालायला हर्षला काही परवानगी देईना. "स्टुलावर बसा ना काका," ती म्हणाली. तिला चंद्राबाई माहीत नव्हत्या. शेवटी लग्न पाच दिवसांवर आलं आणि नम्रतानेच निकाल दिला.

"खाऊन टाका एकदाची. लाथच हाय ना."

मंगळवारी सकाळी पोपट राजेशच्या ओटीच्या कडेचा खांब धरून वाकला. पट्टा बांधलेलाच होता. समोर दोन्ही घरांच्या सामाईक अंगणात भाड्याचं मोठं पितळी पातेलं आडवं ठेवलेलं होतं आणि त्यात मागचं सगळं दिसत होतं. नम्रता दिसत होती, चंद्राबाई दिसत होत्या, राजेशही दिसत होता. पोपटने डोळे पातेल्यावरून हलवले नाहीत. आणि त्याला जे वाटत होतं तेच त्याला दिसलं. राजेश दोन पावलं मागे सरला.

हलकी लाथ जागेवरून मारतात. मागे सरतात ते धाव घ्यायला.

राजेशने पाय उचलला आणि पोपट टुणकन बाजूला झाला. लाथ हवेत गेली. लाथेमागोमाग राजेशही गेला, ओटीच्या कडेवरून थेट खाली अंगणात, उजव्या पायावर दाणकन.

तिघांनी मिळून त्याला वर आणला आणि सतरंजीवर पालथा घातला.

"मागं कशाला सरलास रं?" पोपटने विचारलं.

"चप्पल काढायला," राजेश कण्हत म्हणाला. "तू मोठा भाऊ. तुला काय चपलेनं मारू?"

पोपटने खाली पाहिलं. खरंच, ओटीवर दोन पावलं मागे राजेशच्या चपला शेजारी शेजारी काढून ठेवल्या होत्या. त्याला ओशाळल्यासारखं झालं.

"दुखतंय कुठं?"

"सांगता येत नाय दादा. पाठीत नाय, पायात नाय. त्या मागच्या खिशाखाली."

पोपटला आत कुठेतरी बरं वाटलं. इतक्या दिवसांत ती जागा बरोबर सांगणारा हा पहिला माणूस होता.

आता प्रश्न असा उभा राहिला, की पायाळूची कंबर धरली तर लाथ कोणी मारायची. आळीत दुसरा पायाळू नव्हता. चंद्राबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि त्या म्हणाल्या, "हाय एक."

"कोण?"

"तूच. मी तुझ्या आईच्या उशाशी होते रं पोपट. आधी पाय आले तुझे. पायाळूवर वीज पडते म्हणतात, म्हणून तिनं कोणाला सांगू दिलं नाय. पुढं माझा झाला तवा मी तेच याच्या नावावर सांगितलं. किडकिडीत पोर होतं, कोणी विचारत नव्हतं त्याला. म्हटलं निदान नारळ तरी येतील दाराशी."

पोपटला आठवलं, लहानपणी ढग गडगडले की आई त्याला ओढून घरात न्यायची.

"मार लाथ," चंद्राबाई म्हणाल्या. "माझं पोर मोकळं कर."

पोपट उभा राहिला. पायाशी राजेश पालथा पडलेला. खिडकीजवळचा बाक, कप्तानी, चाळीस वर्षांचा सगळा हिशेब त्या सतरंजीवर पसरला होता, आणि लाथ मारायला खुद्द त्याच्या आईचा हुकूम. अशी संधी माणसाला आयुष्यात एकदाच येते. त्याने उजवा पाय उचलला. उचलल्याबरोबर हर्षलाचा नियम आठवला, एका पायावर उभं राहायचं नाही. लगेच दुसरा संशय आला. हा बनाव तर नाही? आपण एका पायावर उभे राहणार, सांधा पुन्हा सरकणार, आणि पाट राजेशला जाणार.

"दादा," राजेश सतरंजीत तोंड खुपसून म्हणाला, "मारण्याआधी एक काम कर. माझ्या कपाटात पिवळी पिशवी हाय, ती घेऊन जा. लाथेनंतर मला उठता आलं नाय तर राहून जाईल."

"काय हाय त्यात?"

"तुझं पितांबर. पोरीच्या कन्यादानाला तू काय जुन्या धोतरावर बसणार?"

पोपटचा पाय हवेतच राहिला. मग हळूच खाली आला. तो आत गेला, पिशवी उघडली आणि पितांबर कमरेला लावून बघितलं, कारण संशय असा एका झटक्यात जात नाही. राजेश त्याच्यापेक्षा वीतभर बुटका. पितांबर पोपटच्या घोट्यापर्यंत बरोबर आलं. त्याचे डोळे भरून आले आणि नम्रताला दिसू नये म्हणून तो कपाटाकडे तोंड करून थोडा वेळ तसाच उभा राहिला.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "ऊठ. चल खालापूरला."

"लाथ?"

"लाथ राहू दे. उशी घे. घट्ट घे, नायतर ती पोरगी ओरडते."

त्या दुपारी खालापूरच्या बसमध्ये दोन पन्नाशीचे भाऊ काखेत एकेक उशी घेऊन उभे होते. निम्म्या सीट रिकाम्या होत्या. कंडक्टरने दोनदा बसायला सांगितलं. दोघांनी मिळून मान हलवली, तेव्हा त्याने उशांकडे संशयाने पाहिलं आणि पुढे गेला.

लग्नाच्या दिवशी कन्यादानाच्या वेळी चंद्राबाई पाटाऐवजी चौरंग घेऊन आल्या आणि त्यावर स्वतःच्या हाताने उशी ठेवली.

"आणि रीत, काकी?" पोपटने विचारलं.

"रीत मीच सांगत होते ना? मग बदलायला काय कलेक्टर येणार हाय?"

पोपट पितांबर नेसून, आत पट्टा बांधून, पाय खाली सोडून ऐटीत बसला. आरोहीचा हात त्याने हातात घेतला. त्याच्या मनात आलं, या हातासाठी एक काय, दहा लाथा खाल्ल्या असत्या. मांडवाच्या खांबाला टेकून राजेश उभा होता, सदऱ्याखाली तसाच पट्टा बांधून. बसायला त्याला हर्षलाने मनाई केली होती.

संध्याकाळी वऱ्हाड गेल्यावर पोपट चंद्राबाईंजवळ येऊन बसला, म्हणजे खुर्चीवर टेकला. एक गोष्ट त्याला पाच दिवस पोखरत होती.

"काकी, खरं सांग. मी पायाळू हाय?"

"नाय."

"आणि राजेश?"

"तोबी नाय."

"मग मला लाथ मारायला का सांगितलंस?"

"नुसतं जा म्हटलं असतं, तर पडलेल्या भावाजवळ गेला असतास तू?" चंद्राबाईंनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं. "दोघंबी डोक्याकडूनच आलात रं, माझ्या डोळ्यांदेखत. पुढं ती डोकी कुठं ठेवलीत, ते मात्र मला ठावं नाय."